बंदच होतं

झेरॉक्सच्या दुकानातली वीज गेली आणि माझी प्रुफं यंत्राच्या पोटात अडकली. दुकानदार बाहेर गेला, फुटपाथवर साखळीने बांधून ठेवलेल्या जनरेटरपाशी वाकला आणि त्याने दोरी ओढली. काही झालं नाही. त्याने पुन्हा ओढली. मी काउंटरपाशी उभी होते, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात पेनाचं टोपण, आणि माझ्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय. परक्या माणसाच्या जनरेटरसाठी श्वास धरण्याचं काही कारण नव्हतं. पुढच्या ओढीला जनरेटर एकदम धडधडायला लागला, निळसर धूर पायरीवरून आत आला, आणि दुकानदाराने मान वळवून माझ्याकडे बघत काहीतरी म्हटलं. त्याचे ओठ हललेले दिसले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बहुधा "झालं बघा" म्हणाला असेल, किंवा "दोनच मिनिटं". मी मान डोलावली.

आताच्या यंत्रांची दोरी सोडली की आपोआप आत गुंडाळली जाते. बाबांच्या इंजिनाची तशी नाही. तिची गाठ पुलीच्या खाचेत अडकवायची, वेढे द्यायचे आणि ओढायचं. ओढली की दोरी सुटून हातात येते. इंजिन चालू झालं तरी हातात येते, नाही झालं तरी हातातच. बाबा गेले तेव्हा ती त्यांच्या हातात होती. मागच्या खोलीत, बुटक्या स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून बसलेले, आणि उजव्या मनगटाला दोरीचे वेढे. सगळ्यांनी ती दोरी पाहिली, दादाने ती सोडवली, आईने नंतर ती धुऊन वाळवून खुंटीला लावली. मी मात्र त्या दोरीकडे बघून एकच गोष्ट शोधत राहिले आणि ती तिच्यात दिसत नव्हती. शेवटचं त्यांच्या कानावर काय पडलं? लोखंडाची कोरडी घरघर, की ज्याच्यासाठी ते वर्षभर त्या खोलीत बसत होते तो आवाज? हा प्रश्न विचारायचा कोणाला? माणूस गेलेल्या घरात "इंजिन चालू होतं का?" असं विचारणं म्हणजे चितेपाशी उभं राहून किती वाजले विचारण्यासारखं, असं मी स्वतःलाच सुनवायचे. पण प्रश्न काही जात नव्हता. घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा, गिळताना तेवढा टोचायचा.

खरं तर उत्तर पहिल्या दिवसापासून घरात होतं. आई सगळ्यांना सांगत होती, "ओढत होते बिचारे. बंदच होतं ते." डॉक्टरांनी विचारलं नव्हतं तरी त्यांना सांगितलं. मावशीला फोनवर सांगितलं. समोरच्या घरातल्या बाई आल्या, त्या बसायच्या आधी त्यांना सांगितलं. मी पोचले तेव्हा चपलेतून पाय काढेपर्यंत मलाही तेच, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. माझा धंदा दुसऱ्यांची वाक्यं तपासण्याचा आहे. आठवण सांगताना माणसाचे शब्द दर वेळी थोडे सरकतात. पाठ केलेलं सांगताना सरकत नाहीत. हे मला त्या दिवशीच जाणवलं होतं, पण त्या दिवशी असल्या गोष्टी जाणवणंच मला अश्लील वाटलं आणि मी तो संशय दुमडून कुठेतरी ठेवून दिला.

दुकानाच्या पायरीवर असतानाच दादाचा फोन आला. जनरेटरमुळे त्याला ओरडावं लागलं, मलाही.

"रविवारी सकाळी भंगारवाला येतोय, सांगून ठेवतो!"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? खोली रिकामी करायची ठरलीय ना? आईला तिथे बाथरूम करून द्यायचंय. गुडघे बघ तिचे. तू काय त्या लोखंडावरून हात फिरवत बसणारेस जन्मभर?"

"दादा, थोडा वेळ दे."

"दिलाय की! हिवाळ्यापासून देतोच आहे."

मी भरभर प्रुफं गोळा केली. एक पान मध्येच तिरकं छापून आलं होतं, अर्ध्या ओळी कागदाबाहेर. मी ते फेकून दिलं नाही. असली पानं मला फेकवत नाहीत. बाबा छापखान्यात फिटर होते. यंत्र बिघडलं की छापील पानांचे जे फर्मे वाया जात, पुसट, दुहेरी, वाकडे कापलेले, ते घरी आणायचे, कपाटात अंथरायला म्हणून. मी ते वाचायचे. गोष्ट सतराव्या पानावर सुरू व्हायची आणि बत्तिसाव्यावर तुटायची. पुढे काय झालं असं विचारलं की बाबा म्हणायचे, "ते मला काय माहीत? माझं काम मशीन चालवून देण्यापुरतं." माझं वाचन असं सुरू झालं, मधूनच, आणि शेवट नसण्याची मला लहानपणीच सवय व्हायला हवी होती. झाली नाही.

ते इंजिन त्यांना निवृत्त झाल्यावर एका भंगाराच्या ढिगात सापडलं होतं. मांडीवर घेता येईल एवढंच, पण उचलताना कंबर धरायला लावेल असं. बिडाचं, राखाडी, एका सिलिंडरचं, एका बाजूला पात्यांचं जड चाक, त्यावर दोरीची पुली. कधीकाळी कुठल्यातरी बांधकामावर पाण्याचा पंप चालवत असेल. बाबा उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या उस्तादाकडे हुबेहूब असंच एक होतं. "मी नाही याला ओळखलं, यानेच मला ओळखलं," असं ते घरी आणताना म्हणाले होते आणि आई म्हणाली होती, "मग त्यालाच विचारा कुठे झोपणार ते. माझ्या घरात जागा नाही." या इंजिनाला बटण नाही, स्विच नाही. प्लगच्या डोक्याशेजारी पत्र्याची एक वाकडी पट्टी आहे, ती बोटाने दाबून प्लगला टेकवली की ठिणगी विझते आणि इंजिन थांबतं. बाबांनी मला ती पट्टी दाखवली तेव्हा इंजिन अजून मेलेलंच होतं. "चालू करायच्या आधी बंद कसं करायचं ते शिकावं," म्हणाले होते. "बोट पट्टीवर. प्लगवर ठेवलंस तर वडील आठवतील."

मी आईकडे राहायला आल्यावर संध्याकाळी त्या खोलीत बसू लागले. आई उंबरठ्यापर्यंत यायची, आत नाही. उंबरठ्यावर उभी राहून भलतंच काही विचारायची. गॅस संपत आलाय का बघशील? उशीचे अभ्रे कुठे ठेवलेस? माझ्या हातातल्या पान्ह्याकडे बघायचं टाळून ती छताकडे बघत बोलायची, जणू छतावर कोणी झोपलंय. खोली ती मी कामावर गेले की पुसून ठेवायची, एवढं मला फरशीवरून कळायचं. पुसायला तिच्याकडे जो पोछा होता त्याचा हिरवा दांडा निम्माच होता, मध्ये तुटलेला. तुटलेल्या टोकाला तिने चिंधी बांधली होती. एवढ्याशा दांड्याने पुसायचं तर पार वाकावं लागतं. दादा तिच्यावर ओरडायचा, "नवा आण की! की तोही मी आणून देऊ?" ती म्हणायची, "चालतंय की." मी नवा आणला तर तिने तो प्लास्टिकच्या वेष्टनासकट दारामागे उभा करून ठेवला आणि जुन्यानेच पुसत राहिली. म्हातारपणी माणूस चिकट होतं, असं मी मनात म्हटलं आणि विसरले.

इंजिन चालू व्हायला हवं होतं. सगळं होतं त्यात. मी कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये बुडवला, त्याची केसाएवढी छिद्रं तारेने मोकळी केली. प्लग काढून बिडाला टेकवून धरला, चाक फिरवलं, तर लख्ख निळी ठिणगी. पेट्रोल पोचत होतं. तोंडावर अंगठा ठेवून फिरवलं तर अंगठा उडवत होतं, म्हणजे दाबही होता. तरी चालू होत नव्हतं. दोरी ओढली की एखाद्या वेळी खोकायचं, एकदा तर कार्बोरेटरच्या तोंडातून उलटी ज्वाळ टाकली आणि माझ्या मनगटावरचे केस जळाले. त्या वासाने आई उंबरठ्यावर आली. पहिल्यांदाच तिने इंजिनाकडे सरळ पाहिलं. "राहू दे गं," म्हणाली. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय." ती म्हणाली, "ते पण असंच म्हणायचे," आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला. भांडी नव्हती. नुसता नळ.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे, तरी चालत नाही. मग काय? हा प्रश्न बाबा मला आठवीत असताना घालायचे, बाकीच्यांचे बाप पाढे विचारतात तसा. उत्तर एकच होतं: मग वेळ चुकतेय. ठिणगी पडतेय, पण जेव्हा पडायला हवी तेव्हा नाही. आणि वेळ चुकली तर पहिल्यांदा चावी बघायची. फिटर लोक ज्याला चावी म्हणतात तो करंगळीच्या नखाएवढा मऊ धातूचा तुकडा. अर्धा दांड्याच्या खाचेत, अर्धा चाकाच्या खाचेत बसतो आणि चाकाला जागेवरून सरकू देत नाही. तो मुद्दाम मऊ केलेला असतो. इंजिनाने उलटा झटका मारला किंवा फिरतं चाक कशात अडकलं, तर आधी तो तुटतो आणि बाकीचं यंत्र वाचतं. तुटला की चाक किंचित सरकतं आणि ठिणगी अवेळी पडू लागते. हे सगळं मला येत होतं. तरी चाक काढायचं मी टाळत होते, कारण हे सगळं मला येत होतं.

भंगारवाल्याचा वार ठरल्यावर टाळणं शक्य नव्हतं. शनिवारी दुपारी मी चाक दांड्यावरून ओढून काढायचा पुलर लावला. नट काढून पुलरचा स्क्रू आवळत गेले, चाक हलेना, आवळत गेले, बोटांची पेरं पांढरी झाली, आणि मग टण्ण असा आवाज होऊन चाक माझ्या मांडीवर आलं. त्याच्या पोटात खाच होती, दांड्याला खाच होती, आणि चावी मधोमध कातरली होती. कापलेली बाजू चांदीसारखी चकचकत होती. जुनी तूट काळवंडते. ही ताजी होती. मी ते दोन तुकडे तळहातावर घेतले. वजन काही नव्हतंच. मग मला घाम फुटला, नुसता कपाळावर नाही, कानामागे, गुडघ्यांच्या लवणीत. बाबांनी बसवलेली चावी नवी होती, त्यांनी ती मला दाखवली होती. म्हणजे त्या दिवशी इंजिन पेटलं होतं. एकदा तरी पेटलं होतं. मेलेलं इंजिन चावी तोडत नाही. आणि पेटून त्याने काय केलं होतं? उलटा झटका मारला होता. अडकायला तिथे होतं काय? स्टूल, भिंत, ठोकळ्यावर घट्ट बसवलेलं इंजिन आणि म्हातारा माणूस. आणि त्या माणसाच्या मनगटाला दोरीचे वेढे.

वेढे. मनगटाला वेढा कधीही घ्यायचा नाही, हा बाबांचा नियम होता. दोरी मुठीत धरायची, झटका बसला तर हातातून सुटून गेली पाहिजे. छापखान्यातल्या मोठ्या जनरेटरने एकदा त्यांना हँडलचा फटका दिला होता. मनगट भोपळ्याएवढं सुजलं, कितीतरी दिवस ते डाव्या हाताने जेवत होते आणि मी हसले की म्हणायचे, "हसू नकोस, डावा हात पहिलीत आहे अजून." तो माणूस वेढा घेईल? की शेवटी शेवटी ते असले नियम विसरायला लागले होते आणि आम्हाला ते कळलंच नाही? मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं: ते ओढतात, इंजिन उलटं फिरतं, दोरी मनगटासकट त्यांना पुढे खेचते, खांद्यातून, छातीतून. मी ते दृश्य थांबवायचा प्रयत्न केला की ते पहिल्यापासून सुरू व्हायचं. मी हाताला काम दिलं. चाकाची पाती पुसायला घेतली. एका पात्याचं टोक उडालेलं होतं, आणि त्याच्या बुडाशी धुळीत लाकडाची एक हिरवी कपची रुतून बसली होती. ती स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढली, वर्तमानपत्रावर बाकीच्या काजळीत टाकली. पाहूनही ती मला दिसली नाही. मी एकाच गोष्टीकडे बघत होते.

संध्याकाळी दादा टेप घेऊन मापं घ्यायला आला. मी चाक उलटं ठेवून त्यावर चिंधी टाकली.

"काय पंडित, कुठली चूक सापडली? काना, मात्रा, वेलांटी?"

"टेप सरळ धर. तिरकं माप घेतोयस."

"तुझं आपलं कायम तेच." तो भिंतीशी वाकला. "इथे कमोड, इथे बेसिन. आई, बघ गं, पटतंय का!"

"तू म्हणशील ते," आई बाहेरूनच म्हणाली.

"तू आत तर ये."

"पाय दुखतायत."

दादाने आवाज खाली आणला. "हिला या खोलीत पाय टाकवत नाही, दिसतंय ना? आणि तू रोज इथे बसून तेच खुडबुडतेस. तिला काय वाटत असेल?"

"मला एवढंच कळायला हवंय की ते चाललं होतं का."

"कळून काय होणार?"

"मला नाही माहीत."

"चाललं असतं तर आईला ऐकू आलं नसतं? भिंतीपलीकडे होती ती. मिक्सर लावला तरी वरच्या मजल्यावर कळतं आपल्याकडे." त्याने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. "तुला ऐकायचंच असेल तर ऐक. ओढून ओढून गेले ते. लोखंडाने माणूस खाल्ला आपला. उद्या सकाळी गाडी येईल, मी येईन, आणि हे जाईल. चिंधीखाली काय आहे?"

"चाक."

"मग झाकलंस कशाला? थंडी वाजतेय त्याला?"

तो हसला, मीही हसले, आणि मग त्याचा चेहरा एकदम असा झाला की मी मान फिरवली. तो जिना उतरेपर्यंत मी तुटकी चावी मुठीत धरून बसले होते. त्याला दाखवली असती तर तो म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो. आणि मी काय म्हणणार होते? पंधरा पावलांवर नळ गळत होता. कोणीतरी तो बंद केला.

ॲल्युमिनियमच्या जुन्या पट्टीतून मी कानसीने नवी चावी घासली. खाचेत घालून बघायची, काढायची, पुन्हा घासायची. तेवढ्या वेळात तरी ते दृश्य पुढे सरकत नव्हतं. ती बरोब्बर बसली तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त भीती वाटली. चालू झालं नाही, तर उद्या ते जाईल आणि मला कधीच काही कळणार नाही. चालू झालं, तर तेच यंत्र, तोच झटका. आणि ते चालू झालं तरी त्या दिवसाबद्दल ते मला काय सांगणार होतं? तरी मी चाक चढवलं, नट आवळला.

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी खिडकी उघडली, टाकीत कपभर पेट्रोल ओतलं, खुंटीवरची दोरी काढली. तिला साबणाचा वास येत होता. बाबांच्या स्टुलावर बसले, गाठ खाचेत अडकवली, वेढे दिले, टोक मुठीत धरलं. मनगटाला काही नाही. हात सुटायला हवा. उघड्या खिडकीतून कोणीतरी सतरंजी झटकत असल्याचा आवाज येत होता, धप, धप, आणि प्रत्येक धप् माझ्या छातीत वाजत होती. मी ओढली. घरघर. पुन्हा वेढे. ओढली. एकदा खोकलं. मी पट्टीकडे पाहिलं, तिच्यावर बोट नेऊन परत आणलं, जागा लक्षात ठेवली. पुन्हा वेढे दिले, डोळे मिटले, जे व्हायचं ते होऊ दे, आणि ओढली.

झटका बसला नाही. दोरी हलकी होऊन हातात आली आणि खोली आवाजाने भरून गेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार मोठा आवाज. फरशीतून पायात, स्टुलातून मणक्यात, दातांत. कपाटातल्या बरण्या थरथरायला लागल्या. मी हसत होते, ते मला माझ्या गालांवरून कळलं. हातात दोरी होती, तिचं आता काही काम नव्हतं, आणि काम नसल्याचं हाताला कळून मी ती नकळत मनगटाला गुंडाळायला लागले. एक वेढा. दुसरा वेढा. मग मी थांबून मनगटाकडे पाहिलं.

दारात आई होती. उंबरठ्याच्या आत. तिच्या दोन्ही हातांत तो निम्मा हिरवा दांडा होता, चिंधी बांधलेलं टोक पुढे, आणि ती इंजिनाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. "काय?" असं ती विचारत होती. काय? काय? आणि ती चालत आली आणि तिने दांडा फिरत्या चाकावर उगारला.

"आई, नको!" मी ओरडले. तिला ऐकू आलं नाही. मी वाकून पट्टी दाबली.

इंजिन थांबलं. पात्यांचा वारा तेवढा काही क्षण येत राहिला आणि मग तोही थांबला. बाहेर सतरंजी झटकणंही संपलं होतं. आई दांडा तसाच धरून उभी होती. ती माझ्या बोटाकडे बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी बोट उचललं.

"एवढंच दाबायचं होतं?"

मी तिच्या हातातून दांडा घेतला, तिला स्टुलावर बसवायला गेले. ती तिथे बसेना. उभ्यानेच बोलायला लागली, आणि या वेळी तिचे शब्द सरकत होते, पुढेमागे होत होते. "बटण शोधत होते मी. मिक्सरला असतं तसं. याला बटणच नाही... चालू झालं तशी मी आले पदर खोचून, म्हटलं, सगळी बिल्डिंग गोळा होईल. तर हसत होते नुसते. दोरी गुंडाळत होते हाताला, आता लागणार नाही म्हणून. मग हा हात असा छातीवर नेला. आणि काहीतरी म्हणाले. ओठ हलले. मी 'काय' म्हटलं. परत म्हणाले. मला ऐकूच येईना गं. कान नेला जवळ, तरी नाही. म्हटलं, आधी हे बंद करावं. कुठून बंद करायचं ते कळेना. मग पोछा घेतला आणि घातला त्या चाकात. बंद झालं. बंद झालं तेव्हा..." ती थांबली. "मी खोटं नाही बोलले. सगळे आले तेव्हा बंदच होतं."

मला उत्तर मिळालं होतं. ते चाललं होतं. ते हसत होते. चावी कशाने तुटली तेही माझ्या हातात होतं, चिंधी बांधलेलं. हे सगळं मिळाल्यावर जे वाटेल असं मला वाटलं होतं ते वाटायला जागाच उरली नव्हती, कारण त्या जागेवर आई उभी होती, हिवाळ्यापासून, वाकून फरशी पुसत.

खालून हातगाडीची चाकं वाजली आणि दादाची हाक आली.

"परत चालू कर," आई म्हणाली.

"आई..."

"कर."

मी वेढे दिले. तापलेलं इंजिन पहिल्या ओढीला लागलं. पुन्हा तो आवाज, पुन्हा बरण्या. आई त्या दिवशी जिथे उभी असेल तिथे जाऊन उभी राहिली, एक पाऊल मागे सरकली, जागा नीट घेतली. मी स्टुलावर बसले, भिंतीला पाठ टेकली. ती माझ्या ओठांकडे बघत होती. वाट बघत होती. काय म्हणाले असतील ते मला माहीत नव्हतं, माहीत असणं शक्यच नव्हतं. पण या घरात काहीही दुरुस्त होऊन चालू झालं, पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांचं शिलाई मशीन, की तो माणूस स्वयंपाकघराच्या दिशेने मान करून एकच शब्द म्हणायचा, आणि आई आतून म्हणायची, ऐकलं, ऐकलं, आता पसारा आवरा.

मी म्हटलं, "ऐकलंस?"

माझं मलाही ऐकू आलं नाही. तिने कान पुढे केला नाही. नजर माझ्या तोंडावरून न काढता ती खाली वाकली, गुडघा कुरकुरला असेल, तिने हात पुढे नेला, बोट चाचपडलं, पट्टी सापडली. मी तेच पुन्हा म्हणत होते तेवढ्यात तिने दाबली, आणि माझ्या शब्दाचा उरलेला अर्धा भाग त्या एकाएकी रिकाम्या झालेल्या खोलीत केवढ्यातरी मोठ्याने पडला.

चाक अजून फिरत होतं. जिन्यावर दादाची पावलं वाजत होती.

"ऐकलं," आई म्हणाली. बोट तिने पट्टीवरून उचललं नाही.